रस्ता रुंद, रान अरुंद

स्नेहलतागंजातल्या आपल्या बहुतेक घरांचे नाते आजही नर्मदेपलीकडे जुळलेले आहे. लग्नकार्य असो की शेगावची वारी, गाडी तेजाजी नगर ओलांडून खंडवा रस्त्याला लागते. सिमरोळ, भेरूघाट, चोरळ, बडवाह ही नावे आपल्या मुलांनाही पाठ आहेत. याच वाटेवर रेल्वे यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले होते. तेव्हा चांगल्या वाटेची ओढ आपल्याला नवी नाही. भेरूघाटातले अपघात आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. इंदूर-इच्छापूर मार्ग चौपदरी होण्यास आमचा विरोध नाही. घाटात तीन बोगदे घेतले, म्हणजे तेवढा डोंगर वरून वाचला, हेही मान्य करू.

आमची काळजी आहे ती रस्त्यापाठोपाठ काय येते याची.

ब्राझीलने १९७२ साली ॲमेझॉनच्या जंगलातून मोठा महामार्ग खुला केला. पुढे तेथील मुख्य रस्त्यांना माशाच्या काट्यांसारखे आडरस्ते फुटले आणि त्यांच्या कडेने रान गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, तेथील ९५ टक्के जंगलतोड रस्त्यापासून साडेपाच किलोमीटरच्या किंवा नदीपासून एक किलोमीटरच्या आत झालेली आहे. म्हणजे रस्त्यासाठी जेवढी झाडे पडतात, त्याहून कितीतरी जास्त रस्त्यामुळे पडतात.

ॲमेझॉन दूर आहे, असे म्हणून चालणार नाही. विंध्य-सातपुड्याचे साग, धावडा, मोहा, तेंदू यांचे पानझडी रानही उष्ण कटिबंधातलेच. आधी ढाबा, मग फार्महाऊस, मग कॉलनीची पाटी, हा क्रम आपण शहराच्या चारी दिशांना पाहिला आहे. त्यातच वनसंरक्षण कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. वस्तीला किंवा सोयीला वाट देण्यासाठी रस्त्यालगतची ०.१० हेक्टरपर्यंतची वनजमीन कायद्याच्या कक्षेबाहेर गेली. एक तुकडा लहान खरा. पण थेंबे थेंबे तळे साचते, तसेच ते आटतेही.

आणि आटण्याचा हिशेब आपल्या नळापर्यंत येतो. इंदूरला १९७८ पासून जलूदहून नर्मदेचे पाणी मिळते. नर्मदेला हिमालयाचे बर्फ नाही. पावसाचे पाणी डोंगरातले रान धरून ठेवते आणि उन्हाळ्यात सावकाश सोडते. याच घाटातून उतरणारी चोरळ नदी बडवाहजवळ नर्मदेला मिळते. घाट उघडा पडला, तर त्याची झळ स्नेहलतागंजातल्या टाकीलाही लागेल.

झाडे लावली की फिटले, असा एक समज आहे. जुलै २०२४ मध्ये इंदूरने एका दिवसात अकरा लाखांहून जास्त रोपे लावून विश्वविक्रम केला. अभिमान वाटलाच. पण रोप म्हणजे रान नव्हे. खरा विक्रम, त्यातली किती जगली हे मोजल्यावरच ठरेल.

मार्ग नाही असे नाही. नागपूरच्या वाटेवर, पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गाच्या महाराष्ट्रातल्या टप्प्यावर जनावरांसाठी नऊ ठिकाणी खालून वाट ठेवली आहे. मोठ्या वाटा ७५० मीटर रुंद आहेत. तेथून वाघही जातात. न्यायालयात झगडणारी माणसे होती, म्हणून हे झाले.

आपण तीन गोष्टी मागू. घाटाच्या वनपट्ट्यात रस्त्यालगत नवे ढाबे व वसाहती यांना परवानगी नको. तोडलेल्या झाडांची आणि बदली रोपांपैकी जगलेल्यांची यादी दरवर्षी जाहीर व्हावी. वन्यप्राण्यांच्या वाटा मोकळ्या राहाव्यात. मत मागायला उमेदवार आपल्या दारी येतात, तेव्हा चहाबरोबर हे तीन प्रश्नही त्यांच्यापुढे ठेवावेत.

अहिल्याबाईंनी वाटसरूंसाठी विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नगरीत राहणाऱ्यांनी वाट बांधताना सावली आणि पाणी विसरू नये, एवढेच आमचे सांगणे.