पान नंबर सांगा!

मी मॅट्रिक. गोदीत माल उचलतो, कविता लिहितो. कॉलेज मी बाहेरूनच पाहिलंय, गेटवर पत्रकं वाटताना. तरी आज मी कॉलेजातल्या पोरांना संशोधनावर चार शब्द सुनावणार आहे. ज्यांना हा आगाऊपणा वाटेल त्यांनी खुशाल पान उलटावं. पुढे कविता आहेत.

गेल्या पावसाळ्यात एका परिसंवादात मला बोलावलं होतं. 'कष्टकरी कवी' म्हणून, म्हंजे शोभेला. मी बाबासाहेबांचं एक वाक्य ठोकलं. टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतला एक प्राध्यापक उठला. चष्मा पुसला. शांतपणे म्हणाला, "वाक्य छान आहे. कुठल्या ग्रंथातलं? पान नंबर सांगा."

माझी बोबडी वळली. ते वाक्य मला मोबाइलवर आलं होतं, निळ्या चित्रावर पांढऱ्या अक्षरात, खाली बाबासाहेबांची सही. मी आवाज चढवून म्हणालो, "आम्हाला बाबासाहेब शिकवू नका!" पुन्हा टाळ्या. पण टाळ्या वाजवणारे आपलेच होते, आणि परतीच्या लोकलमध्ये मला पक्कं ठाऊक होतं की मी हरून चाललोय. त्यानंतर चार महिने, सुट्टीच्या दिवशी, सरकारने १९७९ पासून छापायला घेतलेले इंग्रजी खंड मी शब्दसूचीपासून चाळले. मला इंग्रजी जेवढं येतं तेवढ्यावर. जेवढे खंड हाताला लागले त्यात ते वाक्य नाही.

आता त्या प्राध्यापकाबद्दल बोलतो. त्याचा हेतू काय होता ते मला कळत नाही असं नाही. व्यासपीठावरून कोणी 'आपल्या प्राचीन परंपरेत' म्हणून सुरुवात केली की याच्या तोंडून कधी पान नंबर निघत नाही. तेव्हा हा मान डोलवतो. पान नंबर फक्त आपल्याला. तिकीट तपासनीस डब्यात चढतो आणि फक्त काळ्या पोरांचं तिकीट बघतो, त्यातली गत.

पण म्हणून बिनतिकीट जायचं का?

आपल्यातले काही मित्र म्हणतात, जायचं. म्हणतात, संशोधन हा ब्राह्मणी धंदा आहे, तळटीप म्हंजे शेंडी, आपला अनुभव हाच आपला पुरावा. हे मीही म्हणत होतो. कवितेत ते खरंही आहे. माझ्या पाठीवरचे वळ मला कोणाच्या संदर्भसूचीतून आणायचे नाहीत. पण चळवळ म्हंजे नुसती कविता नाही, हे मला महाडच्या खटल्याने शिकवलं. तोही उशिराच कळला.

महाड आपण सगळे जाणतो. २० मार्च १९२७, चवदार तळं, पाणी. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. जयंतीच्या भाषणात गोष्ट इथे संपते. पुढे काय झालं? पुढे दहा वर्षं कोर्ट चाललं, राजा! तळ्याभोवतीचे सवर्ण कोर्टात गेले आणि म्हणाले, अस्पृश्यांना या तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट पूर्वापार आहे, अनादि काळापासून आहे. मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ ला निकाल दिला. त्याचं सार माझ्या भाषेत सांगतो. तुम्ही म्हणता पूर्वापार, तर मग दाखवा. वहिवाट सिद्ध करायची जबाबदारी तुमची. आणि त्यांना ती सिद्ध करता आली नाही. हजारो वर्षांची म्हणून जिची मिजास, ती वहिवाट पुराव्याच्या पहिल्याच धक्क्याला गळाली. तिथे पान नंबर त्यांना विचारला गेला होता. आणि तो विचारायला लावणारा माणूस आपला होता.

तेव्हा पुरावा हा त्यांचा धंदा आहे असं पुन्हा कोणी माझ्यासमोर बोलू नये. पुराव्याला सगळ्यात जास्त घाबरतात तेच.

आमच्या चाळीतला एक पोरगा टी.वाय.ला आहे. त्याने याच महाडवर प्रोजेक्ट घेतला. आठवड्याने तोंड पाडून आला. म्हणे, "लायब्ररीत काही नाही. आपल्यावर त्या काळात कोणी लिहिलंच नाही."

विचारलं, "काय टाकून शोधलंस?"

म्हणे, "दलित."

अरे लेका! १९२७ साली सरकारी बाबू तुला दलित म्हणत होता का? सरकारी कागदात तू 'डिप्रेस्ड क्लासेस'. १९३५ चा कायदा आला आणि तू 'शेड्यूल्ड कास्ट' झालास. मराठी छापील कागदात तू 'अस्पृश्य', 'बहिष्कृत', त्याच्या मागे 'अंत्यज', 'अतिशूद्र'. १९३३ साली गांधींनी त्या नावाचं साप्ताहिक काढलं आणि अनेक कपाटांवर तू 'हरिजन' होऊन बसलास. इंग्रजी कॅटलॉगात कित्येक वर्षं 'अनटचेबल्स'. इंग्रजांच्या वेळचं पुणे जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर उघडशील तर तिथे महार या शब्दाचं स्पेलिंगच निराळं. एमच्या पुढे ए नाही, थेट एच. म्हंजे 'म्हार'. चवदार तळ्याचंही तेच. कोणी सीएच-ए लिहितो, कोणी सीएच-ओ. मशीनला काय, ती सांगेल ती अक्षरं शोधते. तुझ्या मनातला इतिहास तिला दिसत नाही. आणि तो हायकोर्टाचा निकाल? तो वादीच्या नावाने आहे, 'नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर'. तुला वादीचं नाव ठाऊक नसेल तर तू नुसता 'महाड, महाड' करत बसणार.

ज्यांनी आपल्याला नावं ठेवली त्यांनीच कॅटलॉग केलाय. त्यांच्या नावाने हाक मारल्याशिवाय त्यांचं कपाट उघडत नाही. राग येतो? यायलाच पाहिजे. पण राग धरून बस आणि ती सगळी नावं एका पानावर लिहून काढ. ते पान हीच तुझी पहिली किल्ली.

दुसरी गोष्ट कपाटाची. बहुतेक कॉलेजांत पुस्तकं ड्यूईच्या नंबरांनी लावतात. १८७६ साली एका अमेरिकन माणसाने काढलेली पद्धत. तिच्यात जात ३०५.५ च्या आसपास, हिंदू धर्म २९४.५, बौद्ध धर्म २९४.३, भारताचा इतिहास ९५४, मराठी साहित्य ८९१.४६. म्हंजे गावकुसाप्रमाणे इथेही आपण एका जागी नाही, पाच ठिकाणी पांगलेलो. एका कपाटासमोर उभं राहून 'काही नाही' म्हणणारा पोरगा चार कपाटं बघायची विसरलेला असतो. एक पुस्तक सापडलं की त्याच्या डावी-उजवीकडची दहा काढून बघावीत. मग त्याच्या शेवटी छापलेली यादी. एलिनॉर झेलियट या बाईंनी १९६९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध लिहिला. असा एक प्रबंध हातात आला की त्याच्या तळटिपा धरून मागे मागे जायचं. कुठलं वर्तमानपत्र, कुठली तारीख, कुठला सरकारी ठराव. तळटीप म्हंजे शेंडी नव्हे दोस्तांनो, ती पायवाट आहे. आधी कोणीतरी तिथून चालत गेलंय.

आम्ही गोदीत हेच करतो. शेडमध्ये हजार गोणी. मुकादम ओरडतो, तो अमका माल काढा. आम्ही गोणी फोडून बघत नाही. मॅनिफेस्टवर नोंद असते, गोणीवर मार्का असतो, टॅली क्लार्कच्या वहीत किती उतरल्या ते असतं. तिन्ही जुळलं तर माल खरा. मार्का नसलेली गोणी कोणी ताब्यात घेत नाही. मग मार्का नसलेलं वाक्य मी व्यासपीठावर कसं उतरवलं? याची लाज मला अजून आहे. त्या प्राध्यापकाची नाही, माझ्या स्वतःच्या धंद्याची.

धक्क्यावर उभा असलो की आणखी एक गोष्ट आठवते. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीवर होती. महायुद्ध चालू होतं, बोट बुडाली. नुकसानभरपाई मिळाली सहाशे रुपये. माणूस खचला असता. ते पुन्हा लंडनला गेले, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाऊन बसले, पुन्हा टिपणं काढली. पुढे दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. आपण त्या घरासमोर उभं राहून फोटो काढतो. साला, आत काय होतं ते विचारत नाही.

आता लायब्ररीच्या काउंटरविषयी. एका वाचनालयात मी डिपॉझिट भरून पावती घेऊन गेलो. तिथल्या गृहस्थांनी आधी आडनाव वाचलं, मग माझा शर्ट, मग हात. हातावर वंगण होतं. म्हणाले, पुस्तक बाहेर गेलंय. ते पुस्तक त्यांच्या मागच्या घोडीवर आडवं पडलेलं मला दिसत होतं. मी बोट दाखवलं. "ते राखीव आहे." राखीव! या एका शब्दावर हे लोक रस्त्यावर उतरतात आणि इथे तोच शब्द टेबलाखाली ठेवतात. मी भांडलो नाही. तक्रारवही मागितली. वही यायच्या आधी पुस्तक आलं. पोरांनो, हेही संशोधनाचं कौशल्यच समजा.

आणि वरचा दरवाजा बघा. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू केलं. तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. सुरुवात झाली ती केंद्र आणि राज्य सरकारच्या ६,३०० वर संस्थांसाठी. चांगलं आहे, नाही कशाला म्हणू? पण राष्ट्र एक म्हणता तर त्यात गोदी नाही का? पैसा लोकांचा. ज्याचं नाव कुठल्या संस्थेच्या हजेरीपटावर नाही त्याला मात्र खिडकी बंद. विद्वत्तेच्या तळ्याला अजून पाट्या आहेत.

जे उघडं आहे ते तरी आपण पितो का? 'शोधगंगा'वर देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट पडलेत. मी मॅट्रिक, मी वाचतो. जुन्या फॉन्टात टाइप केलेले मराठी प्रबंध आतल्या शब्दाने शोधून सापडत नाहीत, तेव्हा विद्यापीठ आणि विभाग धरून यादी उतरत जावं. कंटाळा येतो. माल उतरवायचाही येतो. बाबासाहेबांचे खंड इंटरनेटवर फुकट आहेत. 'मूकनायक' १९२० चा, 'बहिष्कृत भारत' १९२७ चा, दोन्ही पुन्हा छापले गेलेत. तरी आपण निळ्या चित्रावरचं वाक्य पुढे ढकलतो.

त्यात आता हा मोबाइलमधला यंत्रपंडित. प्रश्न टाकला की उत्तर, वर संदर्भही देतो. मी त्याला महाडवरची पुस्तकं विचारली. त्याने मोठ्या ऐटीत नावं दिली. त्यातली दोन पुस्तकं कुठल्याच कॅटलॉगात नाहीत. लेखक नाही, प्रकाशक नाही, पुस्तकच नाही. भुताची गोणी! चाळीतला पोरगा ती यादी तशीच प्रोजेक्टला जोडणार होता. जोडली असती तर तो पहिल्या रांगेतला चष्मा पुन्हा पुसला गेला असता.

शेवटी एक काम. आपण भिंती रंगवतो, शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या दलित वर्गांच्या परिषदेत बाबासाहेब इंग्रजीत बोलले तेव्हा त्या तीन शब्दांचा क्रम असा नव्हता. तिथे शिकण्याच्या पाठोपाठ चळवळ येते, संघटना शेवटी. हे तीन शब्द १८८० च्या दशकात इंग्लंडातल्या समाजवाद्यांच्या एका पक्षाचं ब्रीदही होते. मग मराठीत क्रम कधी फिरला? कोणी फिरवला? मुद्दाम, की यमकासाठी? संघर्ष मागे गेला याने आपलं काही बिघडलं का?

उत्तर माझ्याकडे नाही. 'जनता'चे १९४२ चे अंक बघावे लागतील, मग पुढची वर्षं, मग जुनी पत्रकं. माझी रात्रपाळी शनिवारी सकाळी सुटते. आंघोळ करून दहाला वाचनालयाच्या पायऱ्यांवर असेन. कोणाकोणाला यायचंय त्यांनी यावं. वही आणावी, डबा आणावा.