नांदेड-लातूर: समुद्र नाही, तरी बेटासारखी अवस्था का?

बेटावर जायचे मार्ग मोजकेच असतात. बोट बंद पडली की माणसंही अडकतात आणि मालही. नांदेड आणि लातूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, पण दिवाळीच्या आठवड्यात मुंबई-पुण्याहून इकडे यायचं तिकीट काढून बघा. ट्रेन वेटिंगवर आणि ट्रॅव्हल्सचं भाडं दुप्पट-तिप्पट. बेटावरच्या माणसाला हे लगेच ओळखीचं वाटेल.

आधी या दोन शहरांचंच बघू. रस्त्याने अंतर साधारण 140 किलोमीटर. रेल्वेने जायचं तर नांदेडहून पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड आणि मग लातूर. म्हणजे 200 किलोमीटरच्या वरचा वळसा. (लातूर रोड हे लातूर नाही, तिथून शहर आणखी तीसेक किलोमीटर आहे. नवखा प्रवासी इथे हमखास फसतो.)

असं का? नांदेडची रेल्वे निजामाच्या काळात सिकंदराबाद ते मनमाड जोडायला टाकलेली, मीटरगेज. लातूरला 1911 मध्ये गाडी आली ती कुर्डुवाडीकडून, बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज. दोन्ही लाइनी आपापल्या दिशेने गेल्या, शेजारच्या शहराकडे वळायचं कुणालाच कारण नव्हतं. आता दोन्हीकडे ब्रॉडगेज आहे, पण कारभार वेगळाच. लातूर स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, तर नांदेडचं मुख्यालय सिकंदराबाद, दक्षिण मध्य रेल्वे. शेजारच्या दोन जिल्ह्यांच्या मागण्या दोन वेगळ्या टेबलांवर जातात.

हा गेज बदलण्याचा मुद्दा तांत्रिक वाटत असेल, तर 2016 आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. 12 एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' लातूरला पोहोचली, 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. पुढे 50 वाघिणींच्या गाड्या आल्या, एका फेरीत साधारण 25 लाख लिटर. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या होती जवळपास 3 लाख 83 हजार. भागाकार केला तर एका फेरीत माणशी साडेसहा लिटर पडतं. पिण्यापुरतं, फार तर स्वयंपाकापुरतं. तरी तेवढ्यानेही शहर तगलं.

मिरज-लातूर मार्ग आधी नॅरोगेज होता. तो ब्रॉडगेज झाला नसता तर या वाघिणी लातूरपर्यंत आल्याच नसत्या. गेज बदला अशी मागणी लोक वर्षानुवर्षं करत होते तेव्हा 'एवढे प्रवासी कुठे आहेत?' असं विचारणं सोपं होतं. प्रवाशांचा आकडा हा त्या प्रश्नाचा अर्धाच भाग होता, हे त्या उन्हाळ्यात कळलं.

मालाचंही गणित असंच आहे. लातूरची तूरडाळ, सोयाबीन, अर्धापूरची केळी यांचा भाव लांबच्या बाजारात ठरतो. व्यापारी त्यातून भाडं वजा करतो आणि उरलेलं शेतकऱ्याला सांगतो. परत येताना ट्रकला माल मिळणार नसेल, तर रिकाम्या फेरीचं डिझेलही जातानाच्या भाड्यात धरलं जातं. डाळ थांबू शकते, केळी थांबत नाही. म्हणून केळीवाल्याला भाड्यात घासाघीस करायला वाव कमी.

आता येणाऱ्यांचं. तख्त सचखंड श्री हजूर साहिबमुळे नांदेडला देशभरातून भाविक येतात. अमृतसरहून येणाऱ्या सचखंड एक्सप्रेसमध्ये वाटेतल्या स्टेशनांवर लंगर मिळतो, त्यामुळे ती गाडी प्रसिद्ध आहे. विमानाचा भरवसा मात्र कमी. एप्रिल 2017 मध्ये 'उडान' योजनेच्या पहिल्या विमानांमध्ये नांदेड-हैदराबाद होतं. ते चालवणारी ट्रूजेट 2022 मध्ये बंद पडली. 2024 मध्ये स्टार एअर आली. धावपट्टी तीच, कंपनी गेली की शहर नकाशावरून गायब. लातूरलाही विमानतळ आहे, एवढंच म्हणू.

26 ऑगस्ट 2025 ला जालना-मुंबई वंदे भारत नांदेडपर्यंत वाढवली. चांगलं झालं. पण एखादी गाडी पुढे वाढवली की आधीच्या स्टेशनवाल्यांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यात चूक काही नाही. 2017 मध्ये लातूर-मुंबई एक्सप्रेस बीदरपर्यंत नेली तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले. शेवटी तडजोड झाली, आठवड्यातले तीन दिवस बीदर, बाकी दिवस लातूर. बीदरकरांनाही गाडी हवीच होती. एका गाडीवर दोन जिल्हे भांडतात, कारण दुसरी गाडी नसते.

पुढे काय? वर्धा-यवतमाळ-नांदेड हा 284 किलोमीटरचा मार्ग 2008-09 मध्ये मंजूर झाला. त्यातला वर्धा-कळंब टप्पा सुरू व्हायला फेब्रुवारी 2024 उजाडलं. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग याच भागातून आखला आहे, पण जमिनीच्या प्रश्नावर शेतकऱ्यांचा विरोध आहे. नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर रोड ही रेल्वे मात्र या यादीत खूप खाली दिसते. माझ्या मते ती सगळ्यात वर हवी. अंतर जेमतेम शंभर किलोमीटर, आणि तिने परभणी-परळीचा फेरा वाचेल.

गंमत म्हणजे लातूरला रेल्वेचे डबे बनवायचा कारखानाच आहे. डिसेंबर 2020 मध्ये तिथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. नांदेडचं पोरगं नीटच्या क्लासला लातूरला निघालं, की ते मात्र एसटीच्या रांगेत उभं असतं.