कल्हई कोणी केली?

मंडळी, 'रिफर्बिश्ड' हा शब्द आता आपल्या बाजारात चांगलाच रुळला आहे. मोबाईल, लॅपटॉप, कॅमेरा, सगळ्यांच्या पाट्यांवर तो दिसतो. गंमत अशी, की दुकानदारानं मराठीत 'जुना' म्हटलं की गिऱ्हाईक लगेच भाव पाडून मागतं. कन्नडमध्ये 'हळेदु' म्हटलं तरी तेच. पण तीच वस्तू इंग्रजी नाव लावून समोर आली की आपण गप्प बसतो आणि पैसे मोजतो. या शब्दाच्या पोटात नेमकं असतं तरी काय, हे बघण्याची वेळ यंदा माझ्यावर आली, ती देपालपूरच्या भाच्यामुळे.

देपालपूर हे इंदूरपासून चाळीसेक किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव. जुना होळकरांचा मुलूख. माझी आत्येबहीण, आमची अक्का, लग्न होऊन तिकडे गेली त्याला तीस वर्षं झाली. आपल्या घरांत मराठीत कन्नड मिसळतं, तसं तिच्या घरात हिंदी मिसळतं. तिचा मुलगा देपालपुरात फोटो स्टुडिओ चालवतो. पासपोर्टच्या फोटोंवर दुकानाचं भाडं निघतं, पण घर चालतं ते लग्नांवर. शिवाय दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी जवळच्या गौतमपुऱ्यात 'हिंगोट युद्ध' होतं, तिथंही तो दरवर्षी जातो. हिंगोटाच्या वाळलेल्या फळात दारू भरून दोन गट ती पेटती फळं एकमेकांवर फेकतात. गटांची नावं तुर्रा आणि कलगी. आपल्या शाहिरांच्या कलगी-तुऱ्याची आठवण करून देणारी ही नावं माळव्यात ऐकली की मजा वाटते. (गौतमपुरा हे नाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंवरून आलेलं.) धूर, धूळ, अंधार आणि ठिणग्या यांतून फोटो काढायचा. तिथं कॅमेरा अडला, तर पुन्हा वर्षभर वाट बघायची. लग्नाचं तर त्याहून कठीण. अक्षता पडतानाचा क्षण गेला की गेला. "पुन्हा एकदा टाका हो" असं कोण म्हणणार?

या भाच्याचा कॅमेरा सहा वर्षं राबून थकला. त्याच्यापुढे तीन वाटा होत्या. नवा कॅमेरा हप्त्यांवर घ्यायचा, मोठ्या शहरातल्या एका दुकानातून 'कंपनी रिफर्बिश्ड' म्हणून मिळणारा घ्यायचा, किंवा अमेरिकेतला चुलतभाऊ दिवाळीला येणार होता, त्याच्याकडून तिथला खुद्द कंपनीनं विकलेला मागवायचा. त्यानं मला फोन केला. मी म्हटलं, "अरे, मी इतिहास शिकवते, कॅमेरा नाही." तर म्हणाला, "मावशी, कागद बारकाईनं वाचणारी घरात तू एकटीच आहेस. फोटोचं मी बघतो, तू कागदांचं बघ." मग बसले वाचत.

पहिली गोष्ट कळली ती ही, की कॅमेरा बनवणारी कंपनी स्वतः जो रिफर्बिश्ड माल विकते, तो बहुधा पिळून वापरलेला नसतो. परदेशात घेतलेली वस्तू ठरावीक दिवसांत परत करण्याची सोय असते. लोक खोकं उघडतात, चार फोटो काढतात, आवडला नाही की परत करतात. एकदा उघडलेलं खोकं 'नवं' म्हणून विकता येत नाही. काही नग दुकानातल्या काचेच्या कपाटात मांडलेले असतात, काही प्रदर्शनात हाताळायला ठेवलेले, तर काही किरकोळ दोषामुळे परत आलेले. हे सगळे नग कंपनीकडे जातात. तिथं ते तपासले जातात, लागेल तो भाग बदलला जातो, नवीन मालाला लावतात तशा कसोट्या लावल्या जातात आणि नव्यापेक्षा कमी किमतीत, बहुधा साध्या खोक्यातून, ते पुन्हा विकले जातात. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांच्या अमेरिकी शाखा असा माल थेट गिऱ्हाइकाला विकतात. पूर्वी त्यावर ९० दिवसांची हमी देण्याची रीत होती. कॅननच्या अमेरिकी शाखेनं ती पुढे १ वर्षावर नेली. आपल्याकडे उघडलेला कॅमेरा सहज परत घेण्याची पद्धत फारशी नाही, त्यामुळे असा माल खुद्द कंपनीकडून मिळण्याची चालही अमेरिकेइतकी रुळलेली नाही. आणि ही रिकामी जागा भरून काढतो तो बाजार.

बाजारातला 'रिफर्बिश्ड' म्हणजे काय, याला काही माप नाही. कोणी खरोखर भाग बदलतो, कोणी नुसता ब्रश फिरवून नवं रबर चिकटवतो. दोघांच्या पाटीवर शब्द एकच. आपल्या आजीच्या काळी कल्हईवाला दारात यायचा (कन्नड घरांतही 'कलायि' म्हटलं की लगेच कळतं). कल्हईनं पातेलं चकचकीत व्हायचं, पण बुडाला भोक असेल तर ते कल्हईनं बुजत नसे. आजी आधी पातेलं पाण्यानं भरून बघायची. आणि कल्हई महिन्याभरात उडाली, तर त्याच कल्हईवाल्याला वाटेत गाठून जाब विचारायची. भोक आहे का, आणि उद्या जाब कोणाला विचारायचा, एवढेच प्रश्न कॅमेऱ्यालाही लागू आहेत.

इंदूरचं नाव छायाचित्रणाच्या इतिहासात मोठं आहे. लाला दीनदयाळ १८६६ साली इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४ च्या सुमारास तिथंच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर आणि इंग्रज अधिकारी सर हेन्री डॅली यांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढे निजामानं त्यांना 'राजा' केलं. भारतीय टपाल खात्यानं २००६ साली त्यांच्यावर तिकीटही काढलं. त्यांच्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडाची पेटी, चामड्याचा भाता, पितळेत बसवलेली काच. भात्याला चीर गेली तर दिसायची, ठिगळ लावलं तर तेही दिसायचं. आजच्या कॅमेऱ्यात चीर कुठे गेली हे धन्यालाही दिसत नाही. सगळा खेळ सर्किटात आणि सेन्सरवर. जे डोळ्यांना दिसत नाही, तिथं बनवणाऱ्याची सही लागते. म्हणून हमीच्या कागदाचं महत्त्व.

भाच्याच्या एका व्यवसायबंधूचं झालं ते असं. त्यानं वर्षभरापूर्वी 'कंपनी रिफर्बिश्ड' म्हणून एक कॅमेरा घेतला. दिसायला कोरा करकरीत. तिसऱ्याच लग्नात, ऐन वरमालेच्या वेळी, शटर अडकलं. दुकानदार म्हणाला, हमी कंपनीची आहे. कंपनीच्या केंद्रात कळलं, की हा नग त्यांनी दुरुस्त केलेलाच नाही. बिलावर फक्त 'कॅमेरा १' एवढंच लिहिलेलं. अनुक्रमांक नाही, हमीची मुदत नाही. नवरीच्या वडिलांनी उरलेले पैसे दिले नाहीत, आणि त्यांचंही चुकलं असं कसं म्हणावं? अक्काला हे सांगितलं, तेव्हा तिला तिच्या बेळगावच्या शेजारणीची म्हण आठवली: "बेळ्ळगिरुवुदेल्ला हालल्ल." पांढरं दिसतं ते सगळं दूध नसतं. माहेर सुटून तीस वर्षं झाली, पण कन्नड काही सुटलं नाही!

आता शटरचं गणित बघू. प्रत्येक फोटोला शटर उघडतं, मिटतं आणि झिजतं. मोटारीचे किलोमीटर बघतात तसा हा आकडा बघायचा. कॅननच्या ५डी मार्क ४ चं शटर दीड लाख वेळा आणि निकॉनच्या डी८५० चं २ लाख वेळा चालावं, असं कंपन्यांनी चाचण्यांवरून सांगितलेलं आहे. घरच्या सहलींना हे आयुष्यभर पुरेल. पण लग्नाच्या फोटोग्राफरचं तसं नाही. एका लग्नात अडीच हजार फोटो धरा आणि वर्षाला ४० लग्नं. झाले की १ लाख! म्हणजे दुसऱ्या फोटोग्राफरनं दोन हंगाम वापरलेला कॅमेरा चकचकीत असला तरी आतून म्हातारा असू शकतो. निकॉनच्या फोटोच्या फाईलमध्ये हा आकडा नोंदलेला सापडतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत तो फाईलमध्ये मिळत नाही, सर्व्हिस सेंटरला विचारावा लागतो. विकणारा आकडा सांगायला टाळाटाळ करत असेल, तर तेच उत्तर समजावं.

बाकी तपासणी घरच्या घरी होते. लेन्सचं छिद्र लहान करून, एफ १६ वर, मोकळ्या आभाळाचा फोटो काढावा. सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते. लेन्सचं झाकण लावून अर्ध्या मिनिटाचा फोटो काढावा. काळ्या पडद्यावर रंगीत बिंदू चमकले तर सेन्सरचे काही कण बिघडलेले आहेत. स्क्रूंच्या डोक्यावर ओरखडे असतील तर कोणीतरी कॅमेरा उघडला आहे, कोणी ते विचारावं. फ्लॅश लावून बघावा, कार्डाच्या सगळ्या खाचा चालवून बघाव्यात. लेन्सवर तिरपा टॉर्च मारावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. देपालपूरकडे धुळीचा त्रास, तर आपल्या खानापूर-चंदगड पट्ट्यात पावसाळी दमटपणाचा. बुरशी काचेवरचा लेप खाते, मग पुसून उपयोग नाही. घरातला कॅमेरा पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवावा, कातडी पिशवीत कोंडून ठेवू नये.

परदेशातून मागवायचा तर आणखी एक मेख आहे. कॅमेऱ्याची हमी बहुधा ज्या देशात तो विकला त्याच देशापुरती असते. अमेरिकेतली वर्षाची हमी इंदुरात कामाला येईलच असं नाही. म्हणून आणणाऱ्या नातेवाइकाला सांगावं, की बाबा रे, दोन आठवडे तूच भरपूर फोटो काढ. मोठा दोष असेल तर बहुतेक वेळा सुरुवातीलाच दिसतो, आणि तेव्हा परत करणं तिथंच सोपं. येताना बिल जवळ ठेवावं आणि कस्टमचे त्या वेळचे नियम आधी बघून घ्यावेत.

आणि भारतात घेतलेला बिघडला तर? इथं एक गैरसमज आहे, की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी कामासाठीची खरेदी वगळतो हे खरं. पण स्वतः राबून केवळ पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल, तर तो माणूस ग्राहकच ठरतो. एकट्यानं स्टुडिओ चालवणारा फोटोग्राफर याच रांगेतला. शिवाय आपण जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. वस्तू दिल्लीहून आली म्हणून दिल्लीला खेपा घालायला नकोत. ५ लाखांपर्यंतच्या रकमेसाठी तिथं फी नाही. आधी सल्ला हवा तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे. मात्र सगळ्याच्या मुळाशी बिल. त्यावर मॉडेल, अनुक्रमांक, 'रिफर्बिश्ड' हा शब्द, कोणी दुरुस्त केला त्याचं नाव आणि हमीची मुदत, एवढं हवंच.

भाच्यानं दुकानदाराला हेच लिहून मागितलं. "भैया, इतना कौन लिखता है?" असं उत्तर आलं. मग तो बेत तिथंच सोडला. हप्त्यांचा नवा त्याला झेपणारा नव्हता. शेवटी चुलतभावाकडून कंपनीचा रिफर्बिश्ड कॅमेरा आला, तोही तिकडे दोन आठवडे राबून. नव्याच्या तुलनेत जे पैसे वाचले, ते त्यानं दुरुस्तीसाठी बँकेत वेगळे ठेवले आहेत, कारण इथं हमी नाही हे तो जाणून आहे. जुना कॅमेरा विकला नाही. लग्नात तो गळ्यात दुसरा म्हणून असतो, न जाणो.

तेव्हा मंडळी, जुनी वस्तू घेण्यात कमीपणा मुळीच नाही. आपल्या घरांत थोरल्याचं दप्तर धाकट्यानं, सासूची पैठणी सुनेनं वापरली आहेच. पण 'रिफर्बिश्ड' ऐकलं की मनातल्या मनात त्याचं 'जुना' किंवा 'हळेदु' करून घ्यावं आणि शांतपणे विचारावं: कल्हई कोणी केली, आणि उडाली तर येणार कोण? नाव लिहून देणारा भेटला तर जरूर घ्या. न भेटला तर आणखी एक हंगाम जुन्यावर काढा.