पेनड्राइव्ह प्रवासाला, मुक्कामाला नव्हे

घरातला जुना डेस्कटॉप भंगारवाल्याला द्यायच्या विचारात असाल, तर जरा थांबा. त्याला दोन धडधाकट हार्ड डिस्क जोडल्या आणि ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्टसारखी फुकट मिळणारी सिस्टिम टाकली, की घरचा फाइल सर्व्हर तयार. आईबाबांच्या मोबाइलमधले फोटो, ताईच्या लग्नाचे व्हिडिओ, तुमची प्रोजेक्ट्स, सगळं एका जागी. क्लाउडचं दर महिन्याचं भाडं नको. सुट्टीत करायला हा उद्योग मस्तच!

पण डिस्कवर सगळे पैसे संपल्यावर एक प्रश्न उरतो. सिस्टिम टाकायची कशावर? मग हात आपसूक ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हकडे जातो. आमचं स्पष्ट म्हणणं आहे, तो हात आवरा.

ही सवय आली त्यालाही कारण आहे. २००५ मध्ये ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी फ्रीनॅस सुरू केलं, तेव्हा ती सिस्टिम अगदी आटोपशीर होती. पेनड्राइव्हवरून सुरू व्हायची आणि पुढचं काम बहुतेक रॅममधूनच चालायचं. पेनड्राइव्हवर लिहिणं फारसं व्हायचंच नाही, म्हणून तो टिकायचा. २०१४ च्या अखेरीस ९.३ आवृत्ती आली आणि बूट डिस्कवरही झेडएफएस आलं. अपडेट बिघडलं तर जुन्या आवृत्तीवर परतायची सोय झाली, पण लिहिणंही वाढलं. त्याच फ्रीनॅसचं २०२० मध्ये ट्रूनॅस कोअर झालं. जुन्या व्हिडिओतला सल्ला मात्र अजून तसाच फिरतोय.

फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच लिहिता येतो. एसएसडीतला कंट्रोलर हा भार सगळ्या कप्प्यांवर वाटून देतो. स्वस्त पेनड्राइव्हमध्ये ही व्यवस्था जेमतेम असते, शिवाय तो चोवीस तास तापत राहतो. असाइनमेंट घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जायला तो बनवलाय, वर्षानुवर्षं राबायला नाही. मायक्रोएसडी कार्डाचंही तेच.

अपवाद आहे अनरेडचा. ही पैसे मोजून घ्यायची सिस्टिम वर्षानुवर्षं पेनड्राइव्हवरूनच चालत आलीय, कारण ती सुरू झाल्यावर रॅममध्ये राहते. ओपनमीडियाव्हॉल्ट पेनड्राइव्हवर टाकायचंच असेल, तर लिहिणं कमी करणारं प्लगइन आधी बसवा.

मग घ्यायचं काय? लहानशी एसएसडी. ट्रूनॅसला किमान १६ जीबी लागते, म्हणजे जुन्या लॅपटॉपमधून काढलेली १२० जीबीची एसएसडीसुद्धा रग्गड झाली. मोठी घेऊ नका. ट्रूनॅस बूटसाठी अख्खी डिस्क ताब्यात घेतं, उरलेल्या जागेत फोटो ठेवता येत नाहीत. मदरबोर्डवर साटा पोर्ट शिल्लक नसेल, तर यूएसबी केसमध्ये घातलेली एसएसडीही पेनड्राइव्हपेक्षा बरी.

आणि समजा, एसएसडीही गेली? घाबरू नका. तुमचा डेटा वेगळ्या डिस्कवर आहे. नव्या एसएसडीवर सिस्टिम टाकायची, जुना पूल इम्पोर्ट करायचा, सेटिंगची फाइल चढवायची, की गाडी रुळावर. पण त्यासाठी ती फाइल तुमच्याकडे असायला हवी! ट्रूनॅसमध्ये ती डाउनलोड करताना सीक्रेट सीडच्या चौकोनात टिक करायला विसरू नका, नाहीतर साठवलेले पासवर्ड उलगडणार नाहीत. डेटा एन्क्रिप्ट केला असेल, तर किल्ल्याही एक्स्पोर्ट करून ठेवा. कारण किल्ली बूट डिस्कबरोबर गेली, तर डिस्क ठणठणीत असूनही आतला एकही फोटो दिसणार नाही.

या सगळ्या प्रती त्याच मशिनमध्ये ठेवू नका. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेण्यातला प्रकार आहे तो. त्या दुसरीकडे ठेवा. हो, त्यासाठी ड्रॉवरमधला तो पेनड्राइव्ह चालेल, पण एक प्रत आणखी कुठेतरी हवीच.

सर्व्हर तुम्ही हौसेनं उभा कराल. पण एकदा घरच्यांनी विश्वासानं मोबाइलमधले फोटो त्यावर टाकून मोबाइल रिकामा केला, की ती हौस राहत नाही, जबाबदारी होते. म्हणून सेटिंगची फाइल आजच उतरवून घ्या.