मापं घेऊन ठेवा

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. ९ ऑगस्ट ही संगीतसूर्य केशवरावांची जयंती. ज्या दिवशी हार घेऊन यायचं, त्या दिवशी रंगकर्मी डोळे पुसत जळक्या भिंतींपुढे उभे राहिले.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं हे ‘पॅलेस थिएटर’. शेजारीच खासबागचं कुस्तीचं मैदान. इकडे तंबोरा, तिकडे शड्डू. आगीत दगडी भिंती बऱ्याचशा राहिल्या. रंगमंच, छप्पर, खुर्च्या गेल्या. नाट्यगृहाची आग अशीच असते. रंगमंचाच्या फळ्या, पडदे, विंगा, दोर हे सगळं वर्षानुवर्षं वाळलेलं जळण, आणि रंगमंचावरची उंच पोकळी म्हणजे आयतं धुराडं.

‘पुन्हा बांधू’ ही घोषणा लगेच झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण पुन्हा म्हणजे नेमकं कसं? माइक नव्हते त्या काळी गायकाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत न्यायचं काम छत, लाकूड आणि भिंतींमधलं अंतर करायचं. ते गणित नुसत्या फोटोत सापडत नाही.

व्हेनिसचं ‘ला फेनिचे’ हे ऑपेरागृह जानेवारी १९९६ मध्ये जळालं. होतं तसंच पुन्हा बांधायचं ठरलं, तेव्हा कारागिरांच्या मदतीला चक्क एक चित्रपट आला. दिग्दर्शक व्हिस्कोंतीच्या १९५४ च्या ‘सेन्सो’चा सुरुवातीचा प्रसंग तिथेच चित्रित झाला होता, त्यामुळे सजावट कशी होती, हे पडद्यावर पाहता आलं. डिसेंबर २००३ मध्ये ते पुन्हा उघडलं. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म्सना आग लागली आणि ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या चित्रपटांची मूळ रिळं त्यात गेली. तिकडे एका चित्रपटाच्या मदतीने नाट्यगृह परत मिळालं, इकडे आपल्याला चित्रपटच सांभाळता आले नाहीत.

वायरिंग तपासा, आग विझवायची यंत्रणा चालू ठेवा, हे तर आहेच. त्यासोबत एक स्वस्तातलं काम सुचवतो. तुमच्या गावात जुनं नाट्यगृह असेल, तर आर्किटेक्चरच्या चार मुलांना टेप देऊन आत पाठवा. छताचा उतार, विंगांची रुंदी, फळ्यांची जाडी, सगळं मोजून घ्या. पडदा ओढण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला चहा पाजून बोलतं करा आणि ते रेकॉर्ड करा. कागद दोन ठिकाणी ठेवा. त्यातली एक प्रत नाट्यगृहाबाहेर.

आगीनंतर मोजायला भिंती उरतात, छप्पर उरत नाही.