पेन्सिलीतल्या दुरुस्त्या

‘व्हेंडरकडून पेंडिंग आहे.’ आढावा बैठकीत हे तीन शब्द ऐकून ज्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या नाहीत असा कंत्राटी आयटीवाला आमच्या तरी पाहण्यात नाही. माहिती अडवायची ग्राहकाच्या पर्मनंट माणसांनी आणि मिनिट्समध्ये नाव आपलं. वर त्यांचा पगार महिनाअखेरीला ठरलेल्या तारखेला, आणि आपलं बिल त्यांच्याच सहीसाठी अडलेलं.

बरीच वर्षं झाली. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका कारखान्यात टाक्यांमधल्या साठ्याचा हिशेब नव्या सिस्टिमवर न्यायचं काम आमच्याकडे होतं. सकाळी गेटवर लॅपटॉपचा सीरियल नंबर रजिस्टरात लिहायचा, मोबाइल आणि माचिस जमा करायची, कंत्राटदाराच्या रंगाचा पट्टा गळ्यात अडकवून आत जायचं. ज्यांच्याकडून टाक्यांची कॅलिब्रेशन कोष्टकं घ्यायची ते गृहस्थ पंचवीस वर्षांचे पर्मनंट. सगळे त्यांना काका म्हणत. टाकीत डिप टेप सोडून उंची मोजतात आणि कोष्टकावरून लिटर काढतात. चाळीस मीटर व्यासाच्या टाकीत एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर साडेबाराशे लिटरचा फरक पडतो, त्यामुळे कोष्टकाशिवाय आमचं पान हलणार नव्हतं.

पहिल्या आठवड्यात फाईल कपाटात होती आणि किल्ली दुसऱ्याकडे. दुसऱ्या आठवड्यात ती ऑडिटला गेली. तिसऱ्यात काका रजेवर. परत आल्यावर विचारलं तर म्हणाले, ‘‘अरे, तू तीन महिन्यांचा पाहुणा. तुला कसली घाई?’’ त्याच दुपारी बैठकीत त्यांनी वरचे तीन शब्द उच्चारले.

आम्ही चिडून त्यांच्या साहेबांना लांबलचक मेल लिहिला. ती आमची चूक. त्यानंतर काकांनी आमच्याशी बोलणंच सोडलं. कँटीनमध्ये ते ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जात.

उलगडा केला रात्रपाळीच्या एका ऑपरेटरने, चहा पिताना. एका टाकीचा तळ मागच्या शटडाऊनमध्ये बदलला होता. तळ बदलला की कोष्टक नव्याने करावं लागतं. ते राहून गेलं, आणि तेव्हापासून काका स्वतःच्या वहीत पेन्सिलीने दुरुस्ती करून रोजचे आकडे जुळवत होते. हिशेब बरोबर येत होता, पण कागदोपत्री तो चूक होता. कोष्टक आमच्या सिस्टिममध्ये गेलं असतं तर पहिल्याच दिवशी तफावत स्क्रीनवर लाल झाली असती आणि ‘हे इतके दिवस कोण करत होतं’ या प्रश्नाला एकच उत्तर होतं. मूळ चूक ज्यांची होती ते केव्हाच बदली होऊन गेले होते.

असा अडेल पर्मनंट माणूस भेटला की आम्हाला माहुल आठवतं. माहुल म्हटलं की हल्ली लोकांना तिथला वास आणि तानसा पाइपलाइनवरून उठवून आणलेल्या कुटुंबांच्या इमारती आठवतात. पण कायम आणि कंत्राटी या नात्याचा देशातला एक पायाभूत निकाल याच पट्ट्यातल्या रिफायनरीतून निघाला, हे आपल्या धंद्यात फार कोणाला ठाऊक नसतं. १९५४ साली इथे स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीची रिफायनरी सुरू झाली. पुढे ती एस्सो झाली, १९७४ मध्ये सरकारकडे आली आणि आज हिंदुस्तान पेट्रोलियम म्हणून चालते. तिथलं साफसफाईचं काम कंपनीने कंत्राटदाराला दिलं होतं, वर्षावर्षाच्या कराराने. त्याची माणसं ६७. कायम कामगारांना मिळणारा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, हक्काची रजा, औषधपाणी, सवलतीचं जेवण यांतलं त्यांना काही नाही, आणि कंत्राटदार बदलला तर नोकरीचीही शाश्वती नाही.

ही कंत्राटपद्धत बंद करा, ही मागणी लावून धरली ती कंपनीच्या कायम कामगारांनी. कंपनीने साहजिकच आक्षेप घेतला, की हा यांचा वाद नाही, ती माणसं दुसऱ्याची आहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६० साली निकाल लागला तो कामगारांच्या बाजूने. कंत्राटी माणसांच्या स्थितीशी कायम कामगारांचं हित निगडित आहे, तेव्हा त्यांना हा वाद मांडता येतो; आणि जे काम कारखान्याला रोज लागतं, बारमाही चालतं, ते कायम माणसांकडूनच करून घ्यायला हवं. हेच निकष पुढे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम १० मध्ये उतरले. (कंत्राट रद्द झालं म्हणजे माणूस आपोआप कायम होत नाही, हे न्यायालयाने २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात स्पष्ट केलं. आणि १९७० चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितेत गेला आहे.)

एकाच खुर्चीवर सात-सात वर्षं बसलेले, दर वर्षी वर्क ऑर्डर नवी होणारे आपले वाचक ‘बारमाही’ हा शब्द वाचून कडवट हसतील. त्यांची बाजू आजचे पर्मनंट लोक का घेत नाहीत? आमचं उत्तर असं, की सफाईवाल्याला फिटरच्या डोक्यातलं काही नको होतं. आपल्याला तेच हवं असतं. आपण ज्याला केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, म्हणतो ती पलीकडे बसलेल्या माणसाला स्वतःच्या खुर्चीची मोजमापं घेतल्यासारखी वाटते. पंचवीस वर्षांत डोक्यात साठलेलं सगळं दोन आठवड्यांत वर्डच्या फाइलमध्ये उतरवून द्या, असं सांगणारा पोरगा त्याला गोड वाटेल कसा?

म्हणून आमचं मत असं, की अडेल पर्मनंट माणूस भेटला तर आधी तो काय झाकतोय ते शोधावं. बहुतेक वेळा काही पेन्सिलीतलं सापडतं: कोणाला न सांगता चालवलेली एखादी स्क्रिप्ट, सगळ्यांना ठाऊक असलेला एखादा पासवर्ड, गेल्या अपग्रेडला राहून गेलेलं टेस्टिंग. ते चव्हाट्यावर न आणता सुधारून घेण्याची वाट दिली तर निम्मी माणसं वळतात. उरलेली निम्मी वळत नाहीत, हेही अनुभवाचंच.

त्यांच्यासाठी कागद. ग्राहकाने काय, कोणत्या तारखेला द्यायचं हे कामाच्या व्याप्तीतच लिहून घ्यावं. नंतर मागितलं की ते भांडण दिसतं. बोलणं झालं की संध्याकाळी तीन ओळींचा मेल, विशेषणं न लावता, आणि जो बैठकीत नव्हता त्याला सीसी न करता. वर जायची वेळ आलीच तर आपल्या प्रोजेक्ट मॅनेजरमार्फत जावं, त्यांच्या साहेबांकडे थेट नको.

सही अडवून बिल रोखणाऱ्यांसाठी मात्र आमच्याकडे सबुरीचा सल्ला नाही. तुमची छोटी फर्म उद्यम नोंदणीत असेल तर २००६ चा एमएसएमई कायदा तुमच्या बाजूने आहे. काम दिल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं, पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आपल्यातले कितीतरी जण ‘सर, जरा बघा ना’ म्हणत सहा-सहा महिने काढतात, ते पाहून वाईट वाटतं.

आणि शिवीगाळ, जातीवरून टोमणे, बाईमाणसाशी लगट, याला ‘अवघड सहकारी’ म्हणू नका. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कंत्राटी कर्मचारीही धरलेली आहे. तिने तक्रार ग्राहक कंपनीच्या समितीकडे करावी. ‘तू आमच्या पेरोलवर नाहीस’ हे उत्तर तिथे चालत नाही.

काकांचं पुढे काय झालं? ऑपरेटरने सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि टाकीचं नाव न घेता म्हणालो, नव्या सिस्टिममध्ये डेटा टाकण्याआधी सगळ्याच टाक्यांचं कॅलिब्रेशन ताजं हवं असं आमच्या पद्धतीत आहे, तुम्ही तशी नोट टाकाल का? ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, ‘‘मराठीत टाकू की इंग्रजीत?’’ कॅलिब्रेशन झालं, वहीतले आकडे नव्या कोष्टकाशी जवळपास मिळाले. प्रेमाने वागले असं नाही. शेवटपर्यंत आम्ही पाहुणेच. शेवटचं बिलही पाचव्या महिन्यात निघालं, टीडीएस कापून. डेटा ओनर म्हणून कोष्टकांवर सही मात्र त्यांची होती, निळ्या शाईत.