भूत साक्षीदार असू द्या, आरोपी नको

चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचे, एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी फौजदार, वार्ताहर, डॉक्टर, वकील अशी सोंगे घ्यायची आणि महिनोन्‌महिने एका काल्पनिक खुनाचा तपास करायचा; तपासात मध्येच भूत, शाप, करणी असे काही आडवे येते आणि कोण टिकले, कोण खचले हे फासे ठरवतात. भयकथेच्या या रोलप्लेइंग खेळाविषयी आक्षेप असे की, त्याने रक्तपाताची चटक लागते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळते आणि खऱ्या माणसांच्या मरणाची करमणूक होते. यांतला पहिला आक्षेप पोकळ आहे, दुसरा अर्धा खरा आहे आणि तिसरा इतका खरा आहे की, खेळ मांडणाऱ्यांनी तो स्वतःहून पत्करावा. सोलापुरात खेळ मांडायचा तर या तिसऱ्याला विशेष धार येते.

पहिल्याचा निकाल लवकर लागतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला पहिला खेळ अमेरिकेत 1974 मध्ये आला. 1979 मध्ये मिशिगनच्या विद्यापीठातला जेम्स एगबर्ट हा सोळा वर्षांचा विद्यार्थी बेपत्ता झाला, तेव्हा त्याला शोधणाऱ्या खासगी गुप्तहेराने संशय खेळावर घेतला आणि वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. मुलगा नैराश्याने ग्रासलेला होता, जीव द्यायच्या विचाराने वसतिगृहातून निघाला होता, हे मागाहून कळले. तोवर खेळ बदनाम झाला होता. त्यानंतर 1981 मध्ये आलेल्या ‘कॉल ऑफ थुलू’ या भयखेळात प्रत्येक पात्राच्या मानसिक स्थैर्याचे गुण असतात आणि राक्षस पाहिल्यावर जसे ते घटतात, तसे छिन्नविच्छिन्न प्रेत पाहिल्यावरही घटतात. मारामारी केली की बक्षीस, असा हिशेब तिथे नाही. हिंसेची किंमत मोजायला लावणाऱ्या खेळावर हिंसा शिकवल्याचा आरोप करायचा, तर आधी निम्म्या हिंदी सिनेमांचे खटले चालवावे लागतील.

अंधश्रद्धेचा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्यातली शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये आहे. पण त्याचे कलम कशावर बोट ठेवते? नरबळीवर, अघोरी प्रकारांवर, आपल्या अंगात दैवी शक्ती असल्याचा दावा करून लोकांना फसवणाऱ्यावर आणि घाबरवणाऱ्यावर. भुताची गोष्ट सांगणाऱ्यावर नव्हे. नाहीतर भयकथाकार नारायण धारपांची सगळी पुस्तके जप्त करावी लागली असती. भोंदूचा धंदा चालतो तो नियम त्याच्या एकट्याच्या मुठीत असतात म्हणून. खेळात नियम सर्वांनी वाचलेले असतात आणि फासा सर्वांसमोर पडतो. एवढ्यावर आक्षेप संपला असता, पण संपत नाही. कारण महिनाभर सुगावे गोळा करून शेवटी ‘खून पिशाच्चाने केला’ असे उत्तर निघाले, तर खेळणाऱ्यांच्या हाती गावगप्पाच लागते आणि खुनी सुटतो. आक्षेपातला खरा अर्धा भाग हा आहे.

तो किती खरा आहे हे मानवतने दाखवले. 14 नोव्हेंबर 1972 ते 4 जानेवारी 1974 या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवत इथे दहा खून झाले; मारल्या गेलेल्या साऱ्या मुली आणि स्त्रियाच होत्या, त्यांतली एक तर तान्ही. पिंपळावरच्या मुंजाला रक्त दिले की गुप्तधन सापडेल, या समजुतीतून हे घडवले गेले, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. मुंबईच्या गुन्हे शाखेतून तपासासाठी रमाकांत कुलकर्णी गेले. रमण राघव या साखळी खुन्याच्या प्रकरणाने आधीच नावारूपाला आलेला हा अधिकारी. पुढे या हत्याकांडाच्या आधाराने अमोल पालेकरांनी 1981 मध्ये ‘आक्रीत’ काढला आणि 2024 मध्ये त्यावर वेबमालिकाही आली. माझ्या मते खेळ मांडणाऱ्याने या दोन्हींच्या आधी सर्वोच्च न्यायालयाचा 1977 चा निकाल वाचावा. इतक्या भीषण खटल्यातही न्यायालयाने पुराव्याचे नियम सैल केले नाहीत. माफीच्या साक्षीदाराच्या जबाबाला स्वतंत्र दुजोरा हवा आणि कबुलीजबाब कायद्याने घालून दिलेल्या रीतीनेच नोंदलेला हवा, या कसोट्या तिथे लावल्या गेल्या. लोकांच्या संतापाला यातले काहीच रुचणारे नव्हते.

या निकालातच मला खेळाचा नियम सापडतो. खेळातल्या भुताला माफीच्या साक्षीदाराचे स्थान द्यावे: त्याचे ऐकून घ्यावे, पण दुजोरा मिळाल्याशिवाय त्याच्या शब्दावर कोणाला फासावर चढवू नये. खून माणसानेच केलेला असावा, त्याचे कारण माणसाचेच असावे, म्हणजे जमीन, पैसा, मत्सर, सूडबुद्धी. भुताने वाड्यातल्या आडाकडे बोट दाखवले तरी आड उपसणे, पंचनामा करणे, मुद्देमाल जमा करणे, शवविच्छेदनाचा अहवाल मिळवणे हे सोंगाड्यांनाच करावे लागावे. आणि भूत खोटेही बोलू शकते, हे सूत्रधाराने पहिल्या बैठकीलाच सांगून टाकावे.

यावर कोणी विचारील, पुराव्यानेच सगळे ठरायचे तर भूत हवेच कशाला. सरळ गुप्तहेरकथा खेळा की! प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्या लोकसमजुतीतच आहे. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा. बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ होते. आपली बहुतेक भुते अर्धवट तुटलेल्या आयुष्याची असतात, आणि त्या आयुष्यांची दखल कोणत्याही ठाण्याच्या दप्तरात नसते. दप्तर नेहमी खरे बोलते असेही नाही. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. सरकारी कागदात ते गुन्हेगार होते, शहराने त्यांना हुतात्मे मानले आणि चौकाला त्यांचे नाव दिले. त्या चौघांना खेळात ओढण्याचे कारण नाही. पण त्याच काळातला एखादा कल्पित गिरणी कामगार, ज्याचा जबाब कोणी घेतलाच नाही, तो रात्री जुन्या मिलच्या आवारात बोलू लागला, तर दप्तराविरुद्ध एक आवाज उभा राहतो. निव्वळ गुप्तहेरकथेत हा आवाज आणायला फार खटपट करावी लागते.

आता तिसरा आक्षेप, खऱ्या माणसांना करमणुकीसाठी वापरण्याचा. ज्या अमेरिकन कथेवरून ‘कॉल ऑफ थुलू’चे नाव आले, ती लव्हक्राफ्टची कथा 1928 मध्ये छापली गेली. त्यात पोलीस दलदलीतल्या एका अघोरी पंथावर छापा घालतात आणि तिथे सापडलेली माणसे संकरित, हलक्या वंशाची म्हणून रंगवलेली आहेत. हा साचा उचलून सोलापुरात आणला तर तो कोणाच्या अंगावर पडेल हे वेगळे सांगायला नको. गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापुरात त्या कायद्याखाली तारेच्या कुंपणात माणसे ठेवली होती, त्यांची हजेरी घेतली जाई. त्या वस्तीला सेटलमेंट म्हणत आणि शहरात ते नाव अजून टिकून आहे. कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, तरी चोरी झाली की पोलिसांची पहिली धाड कुठे पडते हे लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने 1987 मध्ये सांगितले. म्हणून 1930-35 च्या सोलापुरात कथानक घालणाऱ्या सूत्रधाराने पारधी किंवा कैकाडी पात्राला आयता खुनी करू नये. उलट त्या काळचा फौजदार तसे धरून चालतो, हे दाखवावे आणि खेळणाऱ्यांना त्याच्याशी भांडू द्यावे. मानवतचे खून किंवा अलीकडचे कोणतेही प्रकरण नावानिशी टेबलावर आणू नये. बळी गेलेल्यांचे नातलग हयात असतात. तपासाची पद्धत घ्यावी, माणसे आपली घडवावीत.

एवढी बंधने घातली तर खेळात मजा काय राहिली, असे काहींना वाटेल. बंधनांवाचून तपास होत नाही आणि तपासावाचून हा खेळ नुसती आरडाओरड आहे. ज्याला पंचनाम्याचा कंटाळा येतो त्याने खुशाल तलवारी आणि ड्रॅगन घेऊन बसावे; तो खेळही उत्तम आहे.